एकास बहात्तर

सेनिओ नदी पंधरा फूट रुंद. पाणी चार ते पाच फूट खोल. दोन्ही काठांवर पूर अडवण्यासाठी घातलेले मातीचे बांध तीस ते पस्तीस फूट उंच आणि जवळजवळ उभे. शिपाई नामदेव जाधव यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात ही मापं दिलेली आहेत. शौर्याच्या अशा कागदांत विशेषणं पुष्कळ असतात, आकडे फारसे नसतात. इथे कुणीतरी नदीची रुंदी, पाण्याची खोली आणि बांधाची उंची नीट नोंदवून ठेवली. त्या माणसाचं नाव कागदावर नाही, पण माझ्यावर त्याचे उपकार आहेत. मापं असली की जागा पुन्हा उभी करता येते.

पहिलं काम भागाकाराचं. मी एकास बहात्तर हे प्रमाण घेतलं. म्हणजे खऱ्या जमिनीवरचे ७२ सेंटिमीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर होतात. नदी झाली ६.३ सेंटिमीटर. पाणी पावणेदोन ते दोन सेंटिमीटर. बांध तेरा ते पंधरा सेंटिमीटर. साडेपाच फुटी माणूस २.३ सेंटिमीटर. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. नदीच्या रुंदीपेक्षा बांधाची उंची दुप्पट आहे. नकाशावर निळी रेघ म्हणून दिसणारी ही जागा आडव्या छेदात बघितली तर एक अरुंद, खोल चर आहे, आणि त्याच्या तळाशी थोडं पाणी. त्या चरात उतरलेल्या माणसाला समोर त्याच्या सहापट उंचीची भिंत दिसते आणि पाठीमागेही तेवढीच. मधलं पाणी छातीपासून हनुवटीपर्यंत कुठेही येईल. खांद्यावर जखमी माणूस असेल तर त्याचं तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून काय काय करावं लागेल, हा विचार फुटांचे सेंटिमीटर करताना पहिल्यांदा आला. नुसतं वाचताना डोळा 'खोल पाण्यातून' या शब्दांवरून पुढे सरकतो. पट्टी हातात असली की तिथे थांबावंच लागतं.

प्रमाणाची निवड घराच्या आकारानेही ठरते. रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांत एकास पस्तीस हे प्रमाण फार चालतं. ते तसं का आलं याची हकिकत मला आवडते. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा तो रणगाडा करावा लागला, आणि तो आकार मोजला तर साधारण एकास पस्तीस निघाला. पुढे जगभर तेच प्रमाण रूढ झालं. पण त्या प्रमाणात सेनिओचे बांध तीस सेंटिमीटरपर्यंत जातात आणि दोन्ही बांध, नदी आणि बाहेरचा उतार मिळून मीटरभराच्या पुढे लांबी होते. माझ्याकडे होती जुन्या कपाटाची एक फळी. एकास बहात्तरमध्ये सगळी रचना तिच्यावर नेमकी बसली.

जागा इटलीतली. अपेनाइन डोंगरांतून निघून सेनिओ रोमान्याच्या सपाट प्रदेशात येते आणि रेनो नदीला मिळते. १९४४च्या डिसेंबर अखेरीस दोस्तांचं सैन्य इथवर आलं आणि थांबलं. पुढचे तीन महिने दोन्ही बाजूंची माणसं या बांधांना चिकटून राहिली, काही ठिकाणी तर हातबाँबच्या टप्प्यात. ९ एप्रिल १९४५ला आठव्या आर्मीचा अखेरचा मोठा हल्ला सुरू झाला. आधी विमानांतून बाँबचा वर्षाव, मग तोफा, मग बांधांवर आगीचे झोत टाकणारी वाहनं, आणि संध्याकाळी पायदळ. न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी नदीत उतरल्या. त्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती आणि तिच्या एका कंपनीत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचे तेवीस वर्षांचे नामदेव जाधव रनर होते. निरोप घेऊन पळणं हे रनरचं काम. म्हणून ते कंपनी कमांडरच्या बरोबर, पुढच्या सेक्शनच्या मागोमाग होते.

पूर्वेच्या बांधावर आधी एक कंपनी गेली होती. तिच्यामागून तो बांध ओलांडून, उतार उतरून, नदीतून पलीकडे जाऊन ही तुकडी पश्चिम काठावर निघाली, तेव्हा तिच्यावर किमान तीन जर्मन ठाण्यांतून गोळीबार झाला. ही ठाणी पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारात होती. म्हणजे ज्या उतारावरून ही माणसं खाली आली, त्याच उताराच्या पोटातून. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. जाधव सोडून बाकीचे सगळे मारले गेले. जाधवांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून नेलं, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून बांध चढून पलीकडे सुरक्षित ठेवलं. मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा बांध ओलांडून आले ते त्या ठाण्यांसाठी. पहिलं ठाणं टॉमी गनने गप्प केलं. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबाँब घेतले आणि आणखी दोन ठाणी संपवली. मधे एकदा बाँब संपले म्हणून सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले आणि मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे घेऊन आले. शेवटी माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची गर्जना दिली आणि बाकीच्या कंपन्यांना हात करून नदीपार बोलावलं. उखळी तोफांचा मारा तेव्हाही चालूच होता. त्यानंतर महिन्याभराच्या आत, २ मेला, इटलीतलं युद्ध थांबलं. जाधव त्यातून परतले आणि १९८४पर्यंत जगले.

आता हे सगळं एका फळीवर करायचं, आणि घरात जे आहे त्यातून करायचं.

बांधांचा गाभा थर्मोकोलचा. मिक्सर, टीव्ही, कुठल्याही नव्या यंत्राच्या खोक्यात तो निघतोच. तुकडे एकमेकांवर चिकटवताना पांढरा फेव्हिकॉलच हवा. पंक्चरवाल्याचं सोल्युशन किंवा स्प्रेचा रंग लागला की थर्मोकोल विरघळून भोकं पडतात. उतार कापायला गरम केलेली सुरी, आणि ती गच्चीवरच वापरावी, कारण तो धूर घरात नको. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून लावायच्या. बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे किडे आणि झुरळं कागद खात नाहीत. तीच रीत इथे उपयोगी पडते, फक्त ते विष आहे, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. वाळताना कागद आक्रसतो आणि फळीला बाक देतो, म्हणून फळीच्या खालच्या बाजूलाही एक थर चिकटवतात. तिसऱ्या थरानंतर तो बांध बोटाने वाजवला तर लाकडासारखा वाजतो.

मग माती. आपल्या अंगणातली काळी माती इथे चालत नाही. रोमान्याची जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकट, करड्या-तपकिरी रंगाची. मुलतानी मातीत थोडा काव आणि थोडी राखाडी केलेली रांगोळी मिसळली की तो रंग जवळपास साधतो, आणि मुलतानी मातीचा एक गुण असा की वाळताना तिला बारीक भेगा जातात. उन्हात सुकलेल्या गाळाच्या जमिनीला जातात तशाच. सगळं चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावं लागतं. या प्रमाणात एक मिलिमीटरचा कण म्हणजे सव्वासात सेंटिमीटरचा दगड होतो, म्हणून कुठला कण कुठे जातो ते बघावं लागतं. तोफगोळ्यांनी उसवलेल्या मातीसाठी चहाचा चोथा उत्तम. तो धुऊन कडक उन्हात वाळवला नाही तर आठवड्यात बुरशी येते. आगपेटीची काडी जाडीला दोन मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात चौदा-पंधरा सेंटिमीटरची तुळई. जमिनीखालच्या खंदकाचं छत तोलायला हीच लागते, तासावीसुद्धा लागत नाही. विजेच्या जुन्या वायरमधले तांब्याचे केस काढून पिळले की काटेरी तार होते. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा पत्रा फावड्याला आणि डब्यांना. मशिनगनची नळी टाचणीची. बांधाबाहेरच्या शेतातल्या द्राक्षवेलींचे खांब खराट्याच्या हिरांचे, आणि पाण्याकाठचं वाळकं गवत काथ्याचं. झुडपांना मी तुळशीच्या वाळून गळलेल्या मंजिऱ्या वापरल्या. तिच्या फांद्या मुळातच इतक्या बारीक फुटतात की कात्रीची गरज पडत नाही.

हातबाँबचा प्रश्न उरला होता. ब्रिटिश फौजेचा ३६ नंबरचा हातबाँब उंचीला साडेनऊ सेंटिमीटर. बहात्तरने भागलं की १.३ मिलिमीटर. एम-सीलची एवढी गोळी वळायला बोटं जाड पडतात. आईला विचारलं की घरात सगळ्यात बारीक धान्य कुठलं. तिने खसखस आणि राजगिरा दोन्ही वाट्या पुढे ठेवल्या. खसखस फार लहान. राजगिरा बरोबर. कशासाठी ते सांगितल्यावर ती काही बोलली नाही. चष्मा लावला, ताटात मूठभर राजगिरा पसरला आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायला बसली.

"हे बघ, हा चपटा आहे. हा नको तुला."

"आई, एवढं कुणाला दिसणार नाही."

"तुला दिसेल ना? मग घे नीट."

तिने निवडलेले दाणे मी काळपट हिरव्या रंगात घोळवले.

विकतचे संच मी केले आहेत आणि त्यांत काही कमी आहे असं मला वाटत नाही. साच्यातून निघालेल्या रणगाड्याच्या साखळीची प्रत्येक कडी अचूक असते. पण त्या संचात कुणीतरी आधी अभ्यास केलेला असतो आणि आपण त्याची आज्ञा पाळत जातो. घरातल्या वस्तूंपासून करायचं तर प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं की तू किती मोठी आहेस, आणि खऱ्या जगात तुझ्या मापाचं काय असतं. काडीला विचारलं तेव्हा तुळई कळली. त्यावरून खंदकाचं छत केवढं वजन पेलत असेल ते कळलं, आणि इतका बाँबमारा होऊनही आतली माणसं संध्याकाळी गोळ्या झाडायला जिवंत कशी राहिली हेही थोडं उमगलं. दहा मीटर उंच मातीच्या ढिगाच्या पोटात ती बसली होती. बाँब वरून पडत होते.

महाराष्ट्रात घरच्या सामानातून रणभूमी करणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दिवाळीत अंगणाअंगणात किल्ले होतात. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, वर हळीव पेरून उगवलेलं हिरवं गवत, कुंभाराकडचे मावळे. माझ्याही हाताला चिखल पहिल्यांदा तिथेच लागला. त्या किल्ल्याला प्रमाण नसतं, आणि नसावंच. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून मोठे असतात, दारातला पहारेकरी दारातून आत जाऊ शकणार नाही एवढा असतो, आणि पायथ्याचा वाघ तळ्याहून लांब. ज्याच्यावर जीव आहे त्याला मोठं करायचं, ही मुलांची मोजणी मला अगदी खरी वाटते. प्रमाणबद्ध मॉडेलात ही मुभा राहत नाही. तिथे शूर आणि भ्यालेला, आपला आणि शत्रूचा, जिवंत आणि मेलेला, सगळे त्याच बहात्तरने भागले जातात. नामदेव जाधव २.३ सेंटिमीटर. खंदकातला जर्मन पोरगाही २.३ सेंटिमीटर. सुरुवातीला मला हे कठोर वाटलं होतं. करता करता जाणवलं की बांधाची उंची त्यामुळेच खरी होते. जाधवांना थोडं जरी मोठं केलं असतं, तर त्यांनी चढलेली चढण तेवढीच लहान झाली असती.

मॉडेल करणारा माणूस लढाईला जे प्रश्न विचारतो ते इतिहास लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाहीत. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लेफ्टनंटची गोष्ट त्यासाठी सांगण्यासारखी आहे. १८३०मध्ये त्याच्याकडे वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल करण्याचं काम आलं. तो रणभूमीवरच्या ला हे सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि जमीन मोजली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली की १८ जून १८१५च्या संध्याकाळी, निर्णायक घटकेला, तुमची तुकडी नेमकी कुठे उभी होती, समोर कोण होतं, शेतात कुठलं पीक होतं. पिकाचा प्रश्न फक्त मॉडेल करणाराच विचारेल, कारण त्याला तिथे काहीतरी उगवायचं असतं. शेकडो उत्तरं आली. सरकारने पैसे द्यायचं थांबवलं, सायबोर्न कर्जात बुडाला, पण १८३८मध्ये लंडनमध्ये त्याचं मॉडेल लोकांनी पाहिलं. त्यावर शिशाच्या पाऊण लाखाच्या आसपास इवल्या आकृत्या होत्या. प्रशियन सैन्य त्याने दाखवलं होतं त्या जागी वेलिंग्टनच्या वर्तुळाला ते नको होतं, आणि अखेर सायबोर्नला त्यातल्या पुष्कळ आकृत्या काढाव्या लागल्या. आज ते मॉडेल लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. आणि ती पत्रं? वॉटर्लूवर लिहिणारा प्रत्येकजण आजही त्यांच्याकडे जातो. त्यांतली बरीचशी सायबोर्नच्या मुलाने १८९१मध्ये छापली. मला त्या काढून टाकलेल्या प्रशियनांची आठवण वारंवार येते. फळीवरून एक आकृती उचलणं इतकं सोपं असतं की ते कधीही करू नये.

पॅरिसच्या आँव्हालीदमध्ये फ्रान्सच्या तटबंदीच्या शहरांची जुनी मॉडेलं आहेत. चौदाव्या लुईच्या काळात, १६६८मध्ये, हा संग्रह सुरू झाला, आणि त्यातली बहुतेक एकास सहाशे प्रमाणात आहेत. लाकूड, कागद, वाळू, झाडांना रेशीम. राजाच्या कारागिरांचंही साहित्य घरातल्यासारखंच होतं हे वाचून मला बरं वाटलं.

सेनिओवर परत येतो, कारण तिथे मला सगळ्यात जास्त अडवलं ते सुरुंगांच्या पट्ट्याने. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर तो आडवा पसरलेला होता. पण सुरुंग दिसत नाहीत, म्हणूनच ते सुरुंग. मातीतून डोकावणाऱ्या चकत्या केल्या तर बघणाऱ्याला लगेच कळेल, आणि तेच खोटं होईल, कारण नामदेव जाधवांना त्या दिसत नव्हत्या. काहीच दाखवलं नाही तर बघणारा त्या उतारावरून नजर सहज फिरवील. शेवटी मी त्या पट्ट्यात कुणाचं पाऊल उमटू दिलं नाही. वर आणि खाली तीन महिन्यांच्या वावराने घट्ट झालेली, बुटांनी तुडवलेली माती, आणि मधे बोटभर रुंदीची आडवी जागा, भुसभुशीत, कोवळं गवत फुटलेली. त्या गवतासाठी पोपटी रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा वापरला. सगळ्या मॉडेलात तीच जागा सगळ्यात हिरवी आहे. जो नीट बघेल तो विचारेल की इथेच कुणी का चाललं नाही.

दुसरी अडचण मेलेल्यांची. त्यांना दाखवावंच लागतं. ते गाळले तर जाधव एकटे का उरले याला अर्थ राहत नाही. अमेरिकन मॉडेलकार शेपर्ड पेन यांनी १९८०मध्ये डायोरामा, म्हणजे प्रसंग मांडणारं मॉडेल, करण्यावर पुस्तक लिहिलं आणि एका पिढीला रणगाड्याच्या रंगाबरोबर गोष्टीचाही विचार करायला लावलं. माझ्यासारख्या पुष्कळांनी या कामाची बाराखडी त्या परंपरेतून घेतली. पण गोष्टीच्या नादात उद्ध्वस्त झालेल्या भिंतीचं, जळालेल्या वाहनाचं एक सौंदर्य तयार होतं, आणि गंज, काजळी, भोकं रंगवण्यात हाताला सुख मिळतं. ते सुख मी नाकारत नाही. माणसाच्या देहापाशी मात्र ते थांबलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पश्चिम काठावरच्या माणसांना मी लाल रंग लावला नाही. तांब्याच्या तारेचे सांगाडे, त्यावर एम-सील, खाकी रंग, एवढंच. डोकं तीन मिलिमीटरचं. चेहऱ्यावर नाकडोळे काढता येत नाहीत, फक्त सावलीचा एक ठिपका. त्यांचे हात मात्र मी पुन्हा पुन्हा केले. एकाचा हात पाण्यात आहे. एकाच्या हातात अजून बंदूक आहे. ती माणसं कोकणातली, देशावरची, घाटमाथ्यावरची असणार. पाचव्या मराठ्यांची भरती तिथूनच होई. त्यांची नावं त्या प्रशस्तिपत्रात येत नाहीत, तर निदान प्रत्येकजण वेगळा पडलेला असावा, एकाच साच्यातला नसावा, एवढं माझ्या हातात होतं.

मग कुठला क्षण धरायचा? डायोरामात एकच क्षण मावतो. बघणाऱ्याच्या मनात आधी येतं ते माथ्यावरचं दृश्य: हात उंचावलेला, मुखात गर्जना. पुतळा करायचा तर तोच क्षण हवा. पण फळीवर दोन्ही बांध, नदी, तिन्ही ठाणी उभी राहिल्यावर मला पहिल्या जखमीला घेऊन पाण्यातून बाहेर येण्याचा क्षण सोडवेना. कारण मॉडेलवर ठाण्यांची तोंडं जुळवली तेव्हा दिशा स्पष्ट झाली. सुरक्षित जागा पूर्वेच्या बांधापलीकडे होती. मशिनगनही त्याच बांधात होत्या. जखमीला वाचवायचं म्हणजे त्याला घेऊन मशिनगनकडे तोंड करून चालत जायचं, त्यांच्या शेजारून चढायचं, सुरुंगांवरून. पळून वाचण्याची दिशा आणि मरणाची दिशा एकच होती. आणि हे एकदा करून, सुखरूप पलीकडे पोचून, तिथून माणूस परत फिरला. माथ्यावरची गर्जना त्यानंतरची आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच. त्यांना मॉडेल बघायला बोलावलं. ते आले, चप्पल बाहेर काढली आणि फळीसमोर मांडी घालून बसले.

"आधी उत्तर कुठली ते सांग."

मी दाखवली.

"आता दुश्मन कुठला, आपण कुठले."

तेही सांगितलं. फौजेत हल्ल्याआधी सँड मॉडेल करतात. जमिनीवरच वाळू, विटेचा चुरा, चुना, झाडाचा पाला, मिळेल त्यातून टेकड्या आणि ओढे मांडतात आणि प्रत्येक जवानाला त्याची वाट दाखवतात. सुभेदारांनी अशी कितीतरी मॉडेलं केली होती. त्यांची मॉडेलं लढाईच्या आधीची. त्यांवर फक्त पुढे जाणारे बाण असतात. माझं लढाईनंतरचं.

"फायर कुठनं आलं म्हणालास?"

"मागून, काका. ज्या बांधावरून उतरले, त्याच्यातूनच."

ते वाकले. बोटाने बांधाच्या आतल्या उतारावरून एक रेघ हवेत ओढली, ठाण्यापासून पश्चिम काठापर्यंत. "पहिल्या कंपनीनंतर किती वेळानं गेले हे?"

"तीन मिनिटं ठरली होती."

"तीन मिनिटात एवढा बांध साफ होत नाही रे," ते म्हणाले. हिशेब करून बोलल्यासारखं त्यांनी ते सांगितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि फळीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे पूर्वेच्या बांधाचा बाहेरचा उतार अजून कोरा होता; मॉडेल भिंतीला टेकवून ठेवायचं म्हणून ती बाजू शेवटाला ठेवली होती.

"इथं कोण आहे?"

"अजून कुणी नाही. ती मागची बाजू."

"मागची कशी? आपली माणसं इथंच आहेत की. जखमी कुणाच्या हातात दिला त्यानं? ग्रेनेड कुणी दिले?"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि प्रशस्तिपत्रातही ते आहेच. बांधामागे अडकून पडलेल्या त्या माणसांना आतलं काही दिसत नव्हतं. माथ्यावरून एकजण जखमीला घेऊन येतो, परत जातो, दुसऱ्याला आणतो, पुन्हा जातो, मग हाताला गोळी लागलेली अशा अवस्थेत सरपटत येऊन बाँब मागतो. त्यांनी पाहिलेली लढाई एवढीच.

आता त्या उतारावर काम चालू आहे. ही बाजू ऊन कमी आणि माती ओलसर अशी धरली आहे, म्हणून मुलतानी मातीत काव थोडा जास्त. आकृत्या बसलेल्या आणि आडव्या पडलेल्या, एकही उभी नाही. एकजण कोपरावर टेकून माथ्याकडे बघतो आहे. एकजण हातबाँबची पेटी पुढे सरकवतो आहे. तिची बाजू पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्याची. मॉडेल आता भिंतीला लावता येणार नाही, दोन्ही बाजूंनी फिरून बघता आलं पाहिजे, म्हणून मधल्या खोलीतलं टेबल रिकामं केलं. उताराच्या पायथ्याशी स्ट्रेचर ठेवायचं आहे. ते ३.२ सेंटिमीटर लांब होतं. दांडे खराट्याच्या हिराचे, कापड जुन्या मलमलच्या उपरण्याचं, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून ताणलेलं. मी दोन करतो आहे.